धान्य आणि धनीपण
(सुवर्णमहोत्सवी समारंभात अफझलगंज येथे केलेले भाषण)



गंज म्हणजे धान्याची पेठ. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांच्या नावाच्या या पेठेत आपण जमलो आहोत, तेव्हा धान्याविषयीच चार शब्द बोलणे उचित होईल.

येथून मुंबईच्या वाटेवर सुमारे शंभर किलोमीटरवर जहीराबाद आहे. मुलूख तांबड्या, उथळ जमिनीचा. तेथे ज्वारी, राळा, तूर, उडीद एकाच शेतात पेरण्याची जुनी रीत. १९८३ साली आंध्र सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्यास आरंभ केला. गरिबाच्या पोटाला आधार झाला, हे खरेच. परंतु ज्वारीला विचारणारे कमी झाले आणि पुष्कळ जमीन पडीक राहिली.

डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साह्याने तेथील स्त्रियांनी गावोगाव 'संघम' स्थापिले. बहुतेक जणी दलित, अल्पभूधारक. नव्वदीनंतर त्यांनी व्यवस्था बसविली ती अशी: पडीक रान नांगरण्यास व खतास उसने पैसे द्यावेत, फेड ज्वारीने घ्यावी, ती गावातच साठवावी आणि गरजूंना स्वस्तात विकावी. गरजू कोण, हे गावानेच ठरवावयाचे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींनी जमिनीस नत्र मिळाले, गुरांस कडबा मिळाला. आणि मजुरीसाठी दुसऱ्याच्या दारी उभी राहणारी बाई बियाणे देणारी झाली. २०१९ साली या कार्यास संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक लाभले.

महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजाच्या भगिनीने गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

२०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. शहरात राळ्याचे कौतुक वाढले, किंमतही वाढली. कौतुक चांगलेच, पण ज्या घरात ते पिकते त्या घरातून ते नाहीसे होऊ नये. काय पेरावे, घरी किती ठेवावे आणि विकावे कोणत्या भावाने, हे पेरणाऱ्याच्या हाती नसेल, तर धान्य परत आले तरी धनीपण परत येत नाही.

म्हणून माझी विश्वस्तांना नम्र सूचना आहे. आपल्या अन्नदानात ज्वारीला स्थान द्यावे. ती थेट पिकविणाऱ्या भगिनींकडून घ्यावी आणि भाव त्यांनीच सांगावा. आपण दान देतो. येथे मात्र दाता होण्याऐवजी प्रामाणिक गिऱ्हाईक व्हावे. त्यात संस्थेचा मान वाढेल.