चानी रानात का गेली?



आमच्या जालना जिल्ह्यात माड-पोफळी नाहीत. बाभळी, लिंब आणि मोसंबीच्या बागा पाहत वाढलेल्या आम्हां मंडळींना चिं. त्र्यं. खानोलकरांची 'चानी' (१९७०) ही कोकणातली कादंबरी प्रथम परकी वाटली. तिकडे खारीला चानी म्हणतात. ही चानी मात्र एक मुलगी. तिच्या आईवर एका गोऱ्या माणसाने अत्याचार केला, त्यातून ती जन्मली. गोरा रंग, सोनेरी केस. त्या रूपात गावाला स्वतःची लाज दिसते आणि शिक्षा होते ती तिला. गाव तिला दूर ठेवते. पुरुषांची नजर तेवढी दूर राहत नाही. तिचा खरा सोबती दिनू, तोही लहान पोर.

पुष्कळ जण म्हणतात, चानी ही निसर्गाचीच लेक. आम्हांला हे पटत नाही. घरांची दारे बंद झाली म्हणून ती रानात गेली. झाडाने 'तुझा बाप कोण' असे विचारले नाही, एवढेच. खानोलकर हे आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारे. त्यांचे रान इतके देखणे की वाचक भुलतो आणि तिला तिकडे कोणी ढकलले ते विसरतो. व्ही. शांताराम यांच्या १९७७ च्या चित्रपटात पडद्यावर रंजना असल्यामुळे हे विसरणे आणखी सोपे होते!

आपल्याकडेही गावाबाहेर लिंबाखाली एकटीच पुटपुटत बसणारी बाई असते. पोरे खडे मारतात. आपण 'वेडी' म्हणून मोकळे होतो. तिच्यावर काय गुदरले, हे विचारायला कोणी थांबत नाही.

येथे थेरीगाथेतील पटाचारा आठवते. तिची हकीकत अट्ठकथेत आहे. वादळी पावसात नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे पक्ष्याने उचलले, थोरले नदीने नेले, घर कोसळून आईबाप व भाऊ गेले. वस्त्राची शुद्ध हरपलेल्या तिला श्रावस्तीच्या लोकांनी वेडी म्हणून ढेकळे मारली. जेतवनात बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले. पुढे एकदा पाय धुताना ओघळणारे पाणी पाहता पाहता तिचे मन निवले. ज्या पाण्याने मूल नेले, तेच पाणी. पण मित्रहो, क्रम पाहा : आधी वस्त्र, मग माणसांत बसायला जागा, आणि पाणी त्यानंतर.

पुढे मुले गमावलेल्या कितीतरी बाया पटाचारेकडे येऊ लागल्या. चानीच्या गावात असे वस्त्र घेऊन कोणी पुढे आले नाही. दिनू होता, पण तो फार लहान होता.