बटण रुग्णाच्याच हातात



या परिषदेसाठी आपण भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि परिचारिका इंदूरच्या छत्रीबागेत जमलो आहोत. होळकर घराण्यातील दिवंगतांच्या छत्र्यांवरून या भागाला नाव पडले. याच इंदुरात 1878 मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि 1948 मध्ये महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेची चर्चा माळव्यात होते आहे, याला एक वेगळा अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकात इंदूर अफूच्या व्यापाराची मोठी पेठ होती. आजही नीमच, मंदसौर, रतलामकडे परवान्याने अफूचे पीक घेतले जाते आणि नीमचला अफूपासून मॉर्फिनसारखी औषधी द्रव्ये काढणारा सरकारी कारखाना आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिन मिळण्याची वाट बरीच मोकळी केली. जिथे हे औषध पिकते तिथल्या रुग्णाने ऑपरेशननंतरची रात्र कण्हत काढावी, हे मला पटत नाही. म्हणून रुग्णाने स्वतः चालवायचा पंप आपल्या वॉर्डांत यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकी भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी ही पद्धत 1971 मध्ये मांडली. पुढे 1976 च्या सुमारास वेल्समधल्या कार्डिफचा पंप बाजारात आला. रुग्ण बटण दाबतो, बहुधा एक मिलिग्रॅम मॉर्फिन शिरेत जाते आणि पुढची पाच-दहा मिनिटे कितीही दाबले तरी पंप दाद देत नाही. पण खरे संरक्षण या कुलपात नाही, ते रुग्णाच्या झोपेत आहे. औषध जास्त झाले की त्याला ग्लानी येते, हात थांबतो आणि पुढचा डोस आपोआप टळतो.

आपल्याकडे नेमके इथेच बिघडते. उशाशी आई बसलेली असते, मुलगा झोपेत कण्हतो आणि ती मायेने बटण दाबते. त्या माउलीला दोष कसा द्यायचा? तिला कुणी समजावून सांगितलेलेच नसते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने 2004 मध्ये रुग्णाऐवजी दुसऱ्याने बटण दाबण्याबद्दलच धोक्याचा इशारा दिला होता. तिथल्यापेक्षा आपल्या नातेवाइकांनी भरलेल्या वॉर्डांना तो जास्त लागू पडतो.

दुसरा धोका औषध भरण्याचा. सिरिंजमध्ये दर मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम औषध असताना पंपाला एकच सांगितले, तर प्रत्येक दाबाला पाचपट डोस जातो. पंपाच्या हिशोबाने मात्र सारे अचूक असते आणि पडद्यावर काही चुकल्याचे दिसत नाही. औषधाची तीव्रता चुकीची भरल्याने बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण आईचा मृत्यू झाल्याचे प्रकरण 2003 मध्ये कॅनडाच्या भूलशास्त्राच्या नियतकालिकात आले. उपाय साधा आहे: रुग्णालयभर मॉर्फिनची एकच तीव्रता ठेवावी, आणि पंप लावताना दोघांनी स्वतंत्रपणे आकडे वाचावेत, एकमेकांचे ऐकून नव्हे. फुग्यासारख्या डिस्पोजेबल पंपांना तर तापमानाचीही काळजी हवी. उष्णतेने औषध पातळ होते आणि प्रवाह वाढतो.

मॉर्फिन जास्त झाले की श्वास मंदावतो; तो ओळखायला नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा श्वास मंदावला, तरी आकडा बराच वेळ चांगला दिसतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ असेल तर उत्तमच. नसेल तिथे सिस्टरने पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत, आणि मग रुग्णाला हाक मारून तो कितपत जागा आहे ते पाहावे, कारण श्वास मंदावण्याआधी बहुधा ग्लानी वाढते. एका सिस्टरकडे पूर्ण वॉर्ड असेल तर हे होणार नाही. पंप घेणाऱ्या रुग्णालयांनी मनुष्यबळाचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

उद्या आपापल्या गावी परतल्यावर एक काम नक्की करा. पंप असेल त्या प्रत्येक खाटेजवळ मराठीत किंवा हिंदीत मोठ्या अक्षरांत पाटी लावा: बटण फक्त रुग्णाने दाबावे. आणि मॉर्फिनचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन कुलूपबंद कपाटात नको, हाताशी ठेवा.