स्तनकर्करोगाच्या उपचारानंतर सोयाबीन : भीती आणि पुरावा



भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचे निदान झाले, तर सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यामुळे दगावल्या. उपचार पूर्ण करून घरी परतलेल्या स्त्रीपुढे आहाराचा प्रश्न उभा राहतो आणि ‘सोयाबीन वर्ज्य करा’ हा सल्ला तिला अनेकदा ऐकावा लागतो. हा सल्ला कशातून उद्भवला व तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन इत्यादी आयसोफ्लेव्होन असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. बहुसंख्य स्तनकर्करोगांच्या वाढीस इस्ट्रोजेन पोषक ठरते. म्हणूनच अशा रुग्णांना टॅमॉक्सिफेनसारखी संप्रेरकरोधी औषधे दिली जातात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मानवी कर्करोगपेशींचे रोपण केलेल्या उंदरांना जेनिस्टीन दिले असता गाठी वाढल्याचे आढळले. भीतीला बळ मिळाले ते अशा प्रयोगांतून.

तथापि, उंदरांवरील निष्कर्ष मानवाला जसाच्या तसा लागू होत नाही. पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे अल्फा व बीटा असे दोन प्रमुख ग्राही असतात. आयसोफ्लेव्होन मुख्यत्वे बीटा ग्राहीशी जोडले जातात आणि त्यांचा प्रभाव शरीरातील इस्ट्रोजेनच्या तुलनेने फारच क्षीण असतो. शिवाय उंदरांच्या रक्तात मुक्त, म्हणजे क्रियाशील, जेनिस्टीनचे प्रमाण मानवापेक्षा पुष्कळ अधिक राहते.

मग प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काय आढळले? चीनमधील शांघाय येथे २००२ ते २००६ या काळात निदान झालेल्या ५,०४२ स्त्रियांचा पाठपुरावा करण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वांत कमी सोया-प्रथिने घेणाऱ्या गटात चार वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण १०.३ टक्के, तर सर्वाधिक घेणाऱ्या गटात ७.४ टक्के होते. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्येही अपाय दिसला नाही. अमेरिका व चीनमधील ९,५१४ स्त्रियांच्या एकत्रित माहितीचे विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही सोया घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण कमीच आढळले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. सोया अधिक खाणाऱ्या स्त्रियांच्या इतर सवयीही आरोग्यास पोषक असू शकतात. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. त्यामुळे ‘सोयाबीनमुळे कर्करोग टळतो’ असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मात्र सोयायुक्त अन्नामुळे अपाय होत असता, तर हजारो स्त्रियांच्या या पाहणीत त्याची चिन्हे दिसावयास हवी होती. ती दिसली नाहीत. म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था उपचारानंतर नेहमीच्या प्रमाणातील सोयायुक्त अन्न सुरक्षित मानतात.

हा निर्वाळा अन्नापुरता आहे, आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या किंवा तीव्र भुकटी यांना तो लागू नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेपूर्वी सोया-प्रथिनांची भुकटी देण्यात आली. त्यांतील काही स्त्रियांच्या गाठीत पेशीवाढीशी निगडित जनुकांची क्रियाशीलता वाढलेली आढळली. प्रत्यक्ष पेशीवाढीचा वेग बदलला नसला, तरी अशी पूरके वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत, हे उघड आहे.

भारताच्या संदर्भात या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही सोयाबीन उत्पादनातील आघाडीची राज्ये आहेत. या धान्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. उपचारांनी शरीर खंगलेल्या आणि औषधांच्या खर्चाने घेरलेल्या शाकाहारी कुटुंबातील स्त्रीला सोया वडी किंवा सोयाबीनचे पीठ हा प्रथिनांचा स्वस्त स्रोत आहे. निराधार भीतीपोटी तो तिच्या ताटातून काढून घेणे म्हणजे तिच्या पोषणाची हानी करणे होय. सोयाबीन तेलात तर आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतातच. तेव्हा या कारणासाठी ते टाळणे निरर्थक आहे. सोयाबीन कच्चे न खाता नीट शिजवून खावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयायुक्त पदार्थ यांत अंतर ठेवावे, कारण सोयामुळे औषधाचे शोषण घटू शकते. अन्न हे औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेले उपचार नियमितपणे चालू ठेवणे अत्यावश्यक आहे.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी अनेकजण प्रशासनात जातील. आरोग्यविषयक सूचना काढण्यापूर्वी तिचा आधार प्रयोगशाळेतील प्राणी आहेत की माणसे, अन्न आहे की गोळी, सहसंबंध आहे की कारण, हे तीन प्रश्न अवश्य विचारा. या उत्तरांवर एखाद्या रुग्ण स्त्रीचे रोजचे जेवण अवलंबून असू शकते.