लांब केस आणि कात्री

केस वाढतो मुळाशी आणि कापला जातो टोकाशी. मधल्या दीड-दोन फुटांत टोकाची खबर मुळाला देणारे काहीही नसते. डोक्याच्या त्वचेखाली रोमकूपात जिवंत पेशी असतात. केस तिथे तयार होतो आणि वर ढकलला जातो. बाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. म्हणून कापताना दुखत नाही, आणि कापले गेल्याचे मुळाला कळतही नाही. तरीही केस वाढवायला घेतलेल्या पुरुषाला 'दर महिन्याला शेंडे काप, केस जोमाने येतील' हा सल्ला घरात आणि सलूनमध्ये सारख्याच आत्मविश्वासाने मिळतो. 1928 मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी वस्तरा फिरवलेल्या केसांची प्रत्यक्ष मोजमापे घेतली. वस्तऱ्याने केसांची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे त्यांना आढळले. त्याआधीच्या काळात युरोप-अमेरिकेतले न्हावी कापलेल्या केसांची टोके मेणबत्तीवर जाळून 'बंद' करून देत. केस ही पोकळ नळी आहे आणि तिच्यातून सत्त्व गळते, अशी समजूत होती. ती समजूत मागे पडली. छाटल्याने केस वाढतो ही मात्र अजून घट्ट टिकून आहे.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला सुमारे 15 सेंटिमीटर. एकेक केस 2 ते 6 वर्षे वाढत राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढचे तीनेक महिने तो नुसता टिकून असतो आणि शेवटी गळतो. त्याच रोमकूपातून नवा केस निघतो. दिवसाला 50 ते 100 केस गळणे हा याच चक्राचा भाग आहे. ज्याचा वाढीचा काळ 3 वर्षांचा, त्याचे केस 45 सेंटिमीटरच्या फारसे पुढे जात नाहीत. ज्याचा 6 वर्षांचा, त्याचे 90 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास कमरेपर्यंत पोहोचू शकतात. हा काळ मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतो. शीख परंपरा हे याचे उत्तम उदाहरण. 1699 मध्ये स्थापन झालेल्या खालसा पंथात केश हा पाच ककारांपैकी एक, त्यामुळे व्रतस्थ शीख पुरुष जन्मभर केसांना कात्री लावत नाही. त्याचे केस न छाटता व्यवस्थित लांब होतात, आणि न छाटताही एका मर्यादेला येऊन थांबतात.

मग लांब केस ठेवणाऱ्या इतरांनी कात्री हातात घ्यायचीच कशाला? कारण आहे केसाचे वय. केस 60 सेंटिमीटर लांब असेल तर त्याचे टोक 4 वर्षांचे असते. आठवड्यातून दोनदा न्हाणाऱ्या माणसाच्या केसाचे ते टोक एव्हाना 400 पेक्षा जास्त वेळा भिजलेले, तितक्याच वेळा पुसलेले आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा विंचरलेले असते. केसाच्या बाहेरच्या आवरणावर सूक्ष्म खवले असतात. ते मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असते. घासणे, उन्हात तापणे, ड्रायरची गरम हवा, केसांचे रंग आणि ब्लीच यांनी हे खवले उडत जातात. आवरण गेले की आतले तंतू सुटे होतात आणि केसाला फाटे फुटतात. फाटा एकदा फुटला की तो वर सरकू शकतो, शेजारच्या केसांत अडकून गुंता करतो आणि त्या गुंत्यात कंगवा ओढला की केस मधूनच तुटतो. सिरम आणि कंडिशनर फाट्याची दोन्ही टोके काही काळ चिकटवून ठेवतात. पुढच्या धुण्याला ती पुन्हा सुटतात, कारण निर्जीव धागा स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. फाटा घालवायचा खात्रीचा उपाय एकच, तो कापणे.

म्हणजे छाटणीने केस वाढत नाही, पण वाढलेली लांबी वाया जाणे थांबते. किती कापायचे हे या एका गोष्टीवरून ठरते, आणि बहुतेकांचे गणित इथेच चुकते. दर दोन महिन्यांनी एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, कापणाऱ्याचे वर्षाला 15 सेंटिमीटर जातात. वाढही तेवढीच असते. असा माणूस वर्षानुवर्षे 'केस वाढवतो आहे' असे सांगत राहतो आणि केस खांद्याच्या वरच राहतात. तोच दर तीन महिन्यांनी अर्धा सेंटिमीटर कापेल तर वर्षाकाठी 13 सेंटिमीटर हाती राहतात. कॅलेंडर पाहून कापण्यापेक्षा टोके पाहून कापणे केव्हाही शहाणपणाचे. शेवटच्या दहा सेंटिमीटरमधून बोटे फिरवली की ती खरखरीत लागतात का, विंचरताना गुंता दरवेळी टोकाशीच होतो का, उजेडात टोके पांढुरकी दिसतात का, हे पाहिले की कात्रीची वेळ आली की नाही ते कळते.

लहान केसांपासून सुरुवात करणाऱ्या पुरुषाचा पहिला टप्पा मात्र या नियमाला अपवाद आहे. डोक्यावरच्या सगळ्या केसांचा वेग साधारण सारखा असतो, पण मानेवरचे केस उगवतातच खाली, त्यामुळे ते सर्वांत आधी कॉलरवर येतात. माथ्यावरच्या केसांना तिथवर यायला आणखी वर्षभर लागते. परिणामी सहाव्या-सातव्या महिन्यात मागे शेपूट, कानांवर झिपऱ्या आणि वर काहीच नाही, असा अवतार होतो. केस वाढवण्याचा बेत बहुधा याच अवस्थेत मोडतो. इथे छाटायचे ते फक्त मानेवरचे आणि कानामागचे केस. पुढच्या आणि माथ्यावरच्या केसांना हात लावायचा नाही. माथ्याचे केस हनुवटीपर्यंत पोहोचले की मागचे मोकळे सोडता येतात. याला साधारण दीड ते दोन वर्षे जातात, आणि त्यांना आखूड रस्ता नाही.

हनुवटीच्या खाली आलेले केस खांद्यावर टेकतात आणि तिथे नवीनच त्रास सुरू होतो. शर्टाची कॉलर, पाठीवरच्या बॅगेचे पट्टे, जॅकेटची चेन, या सगळ्यांवर टोके दिवसभर घासतात. दुचाकी चालवणाऱ्यांच्या बाबतीत हेल्मेटखालून निघालेले केस वाऱ्यावर फडफडून दोरखंडासारखे गुंततात. या टप्प्यात फाटे सर्वाधिक फुटतात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी अर्धा सेंटिमीटर कापणे योग्य. केस पाठीवर उतरले की घर्षण थोडे कमी होते. मग वर्षातून दोनदा, एक ते दोन सेंटिमीटर पुरे. दुचाकीवर बसण्यापूर्वी सैलसर वेणी घालून ती शर्टाच्या आत सोडली तर एखादी छाटणी लांबवताही येते. ज्याला वेणी घालणे बायकी वाटत असेल त्याने गुंता सोडवायला रोज अर्धा तास राखून ठेवावा.

दोन छाटण्यांच्या मधल्या काळासाठी एक फार उपयोगी सवय आहे, फाटे टिपण्याची. खिडकीजवळ भरपूर उजेडात बसायचे, काळ्या केसांसाठी शर्टावर पांढरा किंवा फिकट रंगाचा टॉवेल टाकायचा आणि कोरड्या केसांची एकेक पातळ बट घेऊन ती हळूच पिळायची. पिळलेल्या बटेतून फाटे फुटलेली आणि तुटलेली टोके बाहेर उभी राहतात. तेवढीच, फाट्याच्या साधारण 5 मिलिमीटर वर, कापायची. एकूण लांबी तशीच राहते आणि टोके स्वच्छ होतात. काम कंटाळवाणे आहे, एका बैठकीत पूर्ण होत नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास दिला तरी फरक दिसतो. फाटा बोटांनी ओढून तोडण्याची सवय मात्र अनेकांना असते, विशेषतः फोनवर बोलताना. त्याने निरोगी भागही सोलला जातो.

कात्री केस कापायचीच हवी, आणि तिने कागद, धागा, दुधाची पिशवी यांपैकी काहीही कापलेले नसावे. बोथट पाते केस कापण्याऐवजी चिरडते आणि चिरडलेल्या टोकाला लवकर फाटा फुटतो. दाढीचे मशीन आणि वस्तरा या कामाला नकोतच. ओला केस फुगतो आणि ताणला जातो, त्यामुळे ओला असताना सरळ रेषेत कापलेला केस वाळल्यावर अपेक्षेपेक्षा आखूड निघतो. कुरळ्या केसांत हा फरक फार मोठा असतो. घरी स्वतः कापणाऱ्याने कोरडे केसच कापावेत.

घरी कापण्याची सोपी रीत अशी. गुंता पूर्ण काढून मधोमध भांग पाडायचा आणि तो मागे मानेपर्यंत न्यायचा. दोन्ही भाग पुढे छातीवर घेऊन प्रत्येकाला हनुवटीखाली एक रबर लावायचे आणि दुसरे रबर सरकवत टोकाजवळ आणायचे. आरशात दोन्ही रबरे एका पातळीत आहेत हे पाहून त्यांच्याखालचे ठरलेले तेवढेच कापायचे. मागच्या मधल्या केसांना मानेला वळसा घालून पुढे यावे लागते, म्हणून मोकळे सोडल्यावर ते किंचित लांब राहतात आणि पाठीवर हलकी अर्धगोल कड दिसते. डोके खाली वाकवून सगळे केस कपाळापुढे बांधून कापण्याची युक्तीही प्रचलित आहे. तिने कपाळाजवळचे केस आखूड आणि मानेचे लांब होतात, म्हणजे नको असताना लेअर पडतात. एकसारखी लांबी हवी असणाऱ्याने ती टाळावी.

कडेचा आकार हा आवडीचा प्रश्न आहे. सरळ कड दाट दिसते, पण थोडीशी चूकही उघडी पाडते. अर्धगोल कड चुका झाकून घेते. टोकदार कडेत बाजूची बरीच लांबी जाते. लेअर आणि केस विरळ करण्याची दातेरी कात्री यांमुळे निरनिराळ्या उंचीवर टोके तयार होतात. जितकी टोके जास्त जागी, तितके गुंते जास्त. आंबाडा बांधणाऱ्याच्या आंबाड्यातून अशा बटा दिवसभर सुटत राहतात.

सलूनमध्ये जाणाऱ्याने 'थोडेसेच' हा शब्द वापरू नये. कारागिराच्या हाताला रोज आखूड केसांची सवय असते, आणि त्याचे थोडेसे म्हणजे दोन इंच. किती कापायचे ते बोटाच्या पेरावर दाखवावे आणि पहिली बट कापल्यावर थांबवून पाहावे. महिलांचे लांब केस कापणारा कारागीर मिळाला तर अधिक बरे. अमावस्या, शनिवार, एकादशी हे ज्याने त्याने पाळावे; केसाच्या वाढीवर वाराचा किंवा तिथीचा परिणाम होत नाही. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सोमवारी सलून बंद असते, एवढा वार लक्षात ठेवला तरी चालते.

कात्री कमी लागावी असे वाटत असेल तर टोकांची झीज कमी करावी लागते. कोरडे केस विंचरताना रुंद दात्यांचा कंगवा वापरून टोकापासून सुरुवात करायची आणि थोडे थोडे वर जायचे. शाम्पू टाळूला लावायचा, लांबीला त्याचा फेस पुरतो. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी दाबून पाणी टिपायचे. खोबरेल तेलाची आजीबाईंची शिफारस इथे खरी ठरते. 2003 मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावले असता केसातील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय कमी करणारे तेल त्यात खोबरेलच निघाले, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचे सरळ आणि छोटे रेणू केसाच्या आत शिरू शकतात. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते, हेही नोंदवले पाहिजे. धुण्याच्या आदल्या रात्री निम्म्यापासून टोकापर्यंत तेल लावणे ही रीत त्याला धरून आहे.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. आनुवंशिक टक्कल पडू लागले की कपाळावरच्या आणि माथ्यावरच्या केसांचा वाढीचा काळ आखूड होत जातो आणि केस बारीक होतात. ते पूर्वीच्या लांबीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे पोनीटेल वर जाड आणि खाली उंदराच्या शेपटीइतकी दिसते. छाटणीने हे थांबत नाही. लांबी आठ-दहा सेंटिमीटर कमी केली तर कड पुन्हा भरलेली दिसते, इतकेच. गळालेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरी गाठ असते आणि तुटलेल्या केसाला ती नसते, यावरून दोष मुळाचा की टोकाचा ते घरीच ओळखता येते. पहिल्या प्रकारचे केस नेहमीपेक्षा जास्त जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. रोज एकाच जागी करकचून आंबाडा बांधल्यानेही कपाळाच्या कडेचे केस जातात. घट्ट बांधणी करणाऱ्या शीख पुरुषांमध्ये याची वैद्यकीय नोंद आहे. बांधण्याची जागा बदलत राहणे आणि रात्री केस सैल सोडणे हा त्यावरचा साधा उपाय.

हव्या त्या लांबीला पोहोचल्यावर हिशेब उलटतो. आता वाढ आणि कापणी समान ठेवायची असते, म्हणजे दर तीन महिन्यांनी साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर. वाढवताना कंजुषी केलेल्या हाताला हे जड जाते, पण एवढे नियमित कापले की जुनी, झिजलेली टोके दोन-तीन वर्षांत बहुतांशी निघून जातात आणि केसांचा पोत सुधारलेला दिसतो.

काहीजण कमरेपर्यंत वाढवलेले केस कर्करुग्णांच्या विगसाठी देतात. अशा संस्था सहसा किमान 12 इंच लांबी मागतात, म्हणून लेअर असलेल्या केसांतला बराच भाग बाद होतो. केस धुऊन पूर्ण वाळवायचे, वेणी घालून दोन्ही टोकांना रबर लावायचे आणि वरच्या रबराच्या वर कापायचे. उरलेले वेडेवाकडे केस मग कारागिराकडून सारखे करून घ्यावेत. जमिनीवरून गोळा केलेले सुटे केस चालत नाहीत. त्यांची मुळाची आणि टोकाची बाजू मिसळलेली असते, खवले परस्परविरुद्ध दिशेला येतात, आणि अशा केसांचा विग थोड्याच दिवसांत गुंतून निकामी होतो.