हातातला फोन आणि घरातले आरोग्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची हयात दवाखान्यात गेली. हल्ली फोनवरून औषधपाणी होते म्हणतात, त्यावर आम्हांला चार शब्द सांगा." मी काही व्याख्याने देणारी नव्हे. एकतीस वर्षे मी खेड्यातल्या उपकेंद्रावर परिचारिका होते. लसी टोचल्या, बाळंतपणे केली, नोंदवह्या भरल्या. त्या काळात जे पाहिले, तेवढेच आज सांगणार आहे.

आधीच सांगून टाकते, की मी यंत्राच्या विरुद्ध नाही. आमच्या गावच्या बाईला तालुक्याच्या डॉक्टरला दाखवायचे म्हणजे सारा दिवस मोडायचा. मजुरी बुडायची, एस.टी.चे भाडे जायचे, आणि घरी गुरे व मुले कोणाच्या तरी गळ्यात पडायची. म्हणून बाया दुखणे अंगावर काढीत. सरकारने २०१९ साली ई-संजीवनी सुरू केली. तिच्यामुळे गावच्या केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरशी बोलता येऊ लागले. पुढे २०२० साली घरूनही सल्ला घेण्याची सोय झाली. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु निरोप पाठवणे वेगळे आणि तो पोहोचणे वेगळे. हे मी फार महाग शिकले.

२०१८ सालची गोष्ट. माझ्याकडे एक दुसरेपणाची गर्भार बाई येत असे. सातवा महिना सरत होता आणि रक्तदाब थोडा चढू लागला होता. मी तिला लघवीच्या तपासणीला पाठवले. तिथे नोंदणीत नंबर दिलेला होता तो नवऱ्याचा, कारण घरात फोन एकच. तो उसाच्या वाहतुकीवर दुसऱ्या जिल्ह्यात होता. तपासणीत दोष निघाला आणि 'ताबडतोब दवाखान्यात या' असा निरोप त्याच्या फोनवर गेला, तोही इंग्रजीत. त्याला वाटले, कसली तरी जाहिरात असेल. इकडे मी यंत्रात पाहिले. 'निरोप गेला' अशी खूण दिसली आणि मी निश्चिंत झाले.

अकराव्या दिवशी आशाताई सहज तिच्या घरी डोकावली. बाईचे पाय सुजलेले, तोंड सुजलेले, डोके ठणकत होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गरोदरपणात रक्तदाब वाढला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की झटके येऊन बाईचा जीव जाऊ शकतो. आम्ही तिला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेले. बाई वाचली. मूल हाती लागले नाही.

भगिनींनो, त्यात नवऱ्याचा दोष मी काढीत नाही. यंत्रानेही आपले काम केले होते. दोष माझा होता. पूर्वी मी अशा बाईच्या दारी स्वतः गेले असते. यंत्र आले आणि माझे पाय थांबले.

ही एका घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, की तुम्ही कधीतरी इंटरनेट वापरले आहे काय? देशात शंभरांतल्या केवळ ३३ जणी 'होय' म्हणाल्या. पुरुषांत हेच प्रमाण ५७ होते. स्वतः वापरते असा फोन शंभरांतल्या ५४ जणींजवळच होता. तेव्हा 'घरात फोन आहे' म्हणजे 'बाईजवळ फोन आहे' असे समजू नये.

२०२१ चे लशीचे दिवस आपण सर्वांनी पाहिले. १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी फोनवरून नाव नोंदवून वेळ घेणे सक्तीचे होते. ते संकेतस्थळ तेव्हा इंग्रजीत होते. मराठी आणि इतर भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. ज्यांची बोटे चपळ त्यांना जागा मिळाली. घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया केंद्राच्या दारातून परत आल्या. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे च्या आदेशात या अंतरावर बोट ठेवले. २४ मे पासून सरकारी केंद्रांवर आणि पुढे २१ जूनपासून सर्वत्र जागेवरच नाव नोंदवण्याची वाट मोकळी झाली. दार उघडण्यासाठी आणलेली किल्ली काही दिवस कुलूपच होऊन बसली होती.

इतर देशांचेही अनुभव असेच बोलके आहेत. युगांडात इतक्या संस्थांनी आपापल्या फोन-योजना काढल्या, की २०१२ च्या जानेवारीत तेथील आरोग्य खात्याने अशा योजनांना थांबा म्हणून सांगितले. कोणाचा कोणाशी मेळ नव्हता. उलट दक्षिण आफ्रिकेने २०१४ साली गर्भार स्त्रियांसाठी 'मॉमकनेक्ट' सुरू केली. तिथे दवाखान्यातच बाईची नोंदणी होते आणि साधा बटणांचा फोन असला तरी भागते. आपल्याकडची 'किलकारी' योजनाही याच विचाराची आहे. ती २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. गरोदरपणापासून मूल वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ बोलके निरोप फोनवर येतात. वाचता येत नसले तरी ऐकता येते. मात्र फोन घेणारा कान त्या बाईचाच हवा!

आता आमच्या परिचारिका आणि आशाताईंविषयी दोन शब्द. यंत्र आले तेव्हा म्हणाले, तुमचे लिहिणे वाचेल. झाले असे, की वहीतही लिहायचे आणि यंत्रातही भरायचे. रेंज नसली की शाळेमागच्या टेकडीवर चढायचे. तो वेळ रोग्याच्या वाट्यातून जातो. कागद मात्र अगदीच टाकून देऊ नये. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हा तिथेही कितीतरी दिवस हाताने लिहूनच काम चालवावे लागले.

मग आपण काय करावे? नुसती तक्रार करून आपल्या मंडळाची रीत सांभाळली जाणार नाही. पापड-लोणच्यांच्या वर्गासाठी आपण शनिवारी दुपारी सभागृह उघडतोच. त्याच दिवशी आणखी दोन तास ठेवू या. महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या दोन मुली आणि एखादी वडीलधारी बाई तिथे बसेल. ज्या भगिनीला फोनवर डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे किंवा तपासणीचा निकाल समजून घ्यायचा आहे, तिने यावे.

काही नियम मात्र कटाक्षाने पाळू. फोन त्या बाईच्याच हातात राहील. आपण नुसते दाखवायचे. एकदा दुसरीने करून दिले तर ती दहादा दुसरीकडेच येईल. फोनवर येणारा ओटीपी ती कोणालाही सांगणार नाही, आपल्यालाही नाही. निकाल एका वहीत लिहून ठेवायचा. चौदा आकडी 'आभा' क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, हे तिला आधी सांगायचे आणि मग तिने ठरवायचे. आणि तिचे दुखणे या चार भिंतींबाहेर जाता कामा नये. हळदीकुंकवाला तो विषय निघाला, तर आपला वर्ग त्याच दिवशी बंद पडला म्हणून समजा.

दवाखान्यात नाव घालताना बाईने स्वतःचा नंबर द्यावा. तो नसेल तर विश्वासातल्या शेजारणीचा किंवा आशाताईचा द्यावा. आणि सासवांना माझी एक विनंती आहे. सून गर्भार असेल तेव्हा घरातला फोन दिवसातून घटकाभर तरी तिच्या हाती राहू द्या. त्यात घराचे काही बिघडत नाही.

निवृत्त होताना सहकाऱ्यांनी मला एक चांगला फोन भेट दिला. तो मी रोज वापरते. पण कोणा गर्भार बाईला निरोप पाठवला, की संध्याकाळी चपला घालून तिच्या घरी जाऊनही येते. ते मूल आज शाळेत जाण्याच्या वयाचे असते, हे मी विसरू शकत नाही.

पुढच्या शनिवारी किती जणी येतात ते पाहू, असे म्हणून आपली रजा घेते.