पंचेचाळीस अंशांची बॅटरी



बाहेर पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर उभ्या आहेत. त्यांची बॅटरी काही वर्षांनी दमते, तेव्हा आतलं लिथियम जातं कुठे? बरंचसं एका थरात अडकतं. पहिल्याच चार्जिंगला ऋण इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट जिथे भिडतात, तिथे काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. तो हवाच, नाहीतर इलेक्ट्रोलाइट विघटत राहील. पण वाढत गेला की लिथियम गिळतो, आणि उन्हाळ्यात जरा जास्तच भराभर. जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला मी काय सांगावा!

मग हा थर बघायचा कसा? बॅटरी उघडली तर हवा लागून तो नाजूक थर बदलतो. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. लिथियमकडे इलेक्ट्रॉन तीनच, त्यामुळे क्ष-किरणांना ते जेमतेम दिसतं. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, तो थेट अणुकेंद्राशी बोलतो. लिथियम, हायड्रोजन त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. पावसाळी डबक्यावरचा तेलाचा तवंग रंगीत दिसतो, कारण वरून आणि खालून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. न्यूट्रॉनचंही तसंच. सिलिकॉनच्या जाड ठोकळ्यातून, अंशभर तिरप्या कोनात ते थरावर सोडायचे. किती परत आले ते कोन बदलत मोजायचं. आलेखावर लाटा उमटतात. त्यांच्या अंतरावरून थराची जाडी निघते. बॅटरीसारखा सेल चालू असतानाच!

हे न्यूट्रॉन मुंबईत, ट्रॉम्बेला मिळतात. भाभा अणुसंशोधन केंद्रातली 100 मेगावॅटची ‘ध्रुव’ अणुभट्टी 1985 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. ती वीज बनवत नाही, न्यूट्रॉन देते. यूजीसी-डीएई कन्सोर्टियम या संस्थेमार्फत विद्यापीठांतल्या संशोधकांनाही तिथे प्रयोग करता येतात.

माझी एक तक्रार आहे. बॅटरीच्या कितीतरी चाचण्या 25 अंशांच्या खोलीत होतात. कोणाच्या सोयीचं हे तापमान? धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. ती वीज साठवायची झाली तर बॅटऱ्या धुळ्याच्याच उन्हात उभ्या राहणार. तेव्हा 45 अंशांना त्या थराचं काय होतं, हा प्रश्न आपल्या मुलांनी विचारायला हवा. मुंबई-पुण्याच्या पोरांना तो सुचेलच असं नाही.

न्यूट्रॉनसाठी रांग असते. तोवर बीएस्सीचं गणित पक्कं करा, विशेषतः फूरिए; आलेखावरच्या त्या लाटांमधून थराची जाडी काढायला तो कामी येतो. तो ऑप्शनला टाकू नका.