यष्टीमागे उभा राहणारा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त आंजर्ले येथे भरलेल्या मेळाव्यात, सायंप्रार्थनेनंतर धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आज सायंकाळी मी आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर चार शब्द बोलावेत असे कार्यक्रमपत्रिकेत छापले आहे, आणि त्या विषयाची टिपणेही माझ्या खिशात आहेत. ती खिशातच राहू देण्याची मुभा आपण मला द्यावी. इतिहास स्मरणिकेत छापला जाणारच आहे; तो तेथे माझ्या बोलण्यापेक्षा अधिक नीटनेटका वाचावयास मिळेल. परंतु सकाळी वाळूवर जी गोष्ट घडली, तिने दिवसभर माझा पिच्छा सोडला नाही, आणि तिच्याविषयी न बोलता आज मला झोप येईल असे वाटत नाही.

आपणांपैकी बहुतेकजण सामना पाहावयास होतेच. ज्या भगिनी पेजेच्या पातेल्यापाशी अडकल्या होत्या, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओहोटी लागून वाळू घट्ट होताच मुलांनी यष्ट्या रोवल्या. गोलंदाज सुरूच्या बनाकडून धावत येई, फलंदाज समुद्राकडच्या टोकाला उभा, आणि त्याच्या मागे यष्टिरक्षक. यष्टिरक्षकाच्या मागे काय, तर थेट अरबी समुद्र! जो चेंडू त्याच्या हातून सुटेल तो लाटांत जाणार, आणि तो आणावयासही त्यानेच धावावयाचे. अशा जागी आपल्या वेदीसेवकांपैकी एक तेरा वर्षांचा मुलगा पाऊण तास उभा होता. शेवटच्या षटकात सरळ हातात आलेला झेल त्याच्याकडून सुटला, सामना गेला, आणि नंतर त्याच्या सोबत्यांनी त्याची जी संभावना केली ती मी या व्यासपीठावरून पुन्हा उच्चारू इच्छीत नाही. तो पोर दुपारी जेवला नाही.

पंच मी होतो. मी काहीच बोललो नाही.

आता मी तुम्हाला आपल्या याच रत्नागिरीच्या मातीतल्या एका यष्टिरक्षकाची कथा सांगतो. त्याचे नाव दत्ताराम धर्माजी हिंदळेकर. जन्म रत्नागिरीचा, १ जानेवारी १९०९ चा. घरची स्थिती गरिबीची. पुढे मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, आणि नोकरी सांभाळून क्रिकेट. आमचे आजोबा या खेळाला चेंडूफळी म्हणत. तो शब्द आता मागे पडला याचे मला अजून थोडे वाईट वाटते. तर या चेंडूफळीत हिंदळेकरांनी यष्टीमागची जागा पत्करली, आणि १९३६ व १९४६ या दोन्ही साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला तेव्हा प्रमुख यष्टिरक्षक म्हणून त्यांनाच नेण्यात आले. मध्ये दहा वर्षे गेली. त्यांपैकी बरीचशी महायुद्धाने गिळली. खेळाडूच्या आयुष्यातली ती ऐन उमेदीची वर्षे. पहिल्या दौऱ्यात त्यांचे वय २७, दुसऱ्यात ३७.

१९३६ च्या जून महिन्यात लॉर्ड्सच्या मैदानावर त्यांचा पहिला कसोटी सामना झाला. विजय मर्चंट यांच्याबरोबर ते सलामीला गेले आणि पहिल्या जोडीने ६२ धावा केल्या. त्यांत हिंदळेकरांच्या २६. सर्व संघाच्या मिळून १४७ झाल्या, यावरून त्या सलामीचे मोल कळेल. मग इंग्लंडचा डाव अवघ्या १३४ धावांत आटोपला. अमरसिंग यांनी ३५ धावांत ६ गडी बाद केले आणि दुसऱ्या टोकाकडून महंमद निसार यांचा झंझावात होता. त्या डावाच्या आठवणीत अमरसिंग आहेत, निसार आहेत. त्या दोघांचे सर्व चेंडू ज्याच्या पंजांवर येऊन आदळत होते तो आठवणीत नाही. दुसऱ्या डावात आपला संघ ९३ धावांत कोसळला आणि सामना गेला, ही गोष्ट वेगळी.

त्या सामन्यात हिंदळेकरांच्या बोटाच्या हाडाचा टवका उडाला, आणि त्यांना डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले. त्यामुळे उरलेल्या दोन कसोट्यांना ते मुकले. बोट दुखते हे इतरांना दिसते. सूज येते, पट्टी बांधता येते. परंतु अंधुक दिसणे हे दुखणे ज्याचे त्यालाच ठाऊक. बाहेरच्याला एवढेच दिसते की, याच्या हातून चेंडू सुटला.

माझी उजव्या हाताची ही करंगळी पाहा. सेमिनरीत असताना वाकडी झाली, ती तशीच राहिली. मिस्सेच्या वेळी चषक उचलताना तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. मला फलंदाजी येत नव्हती, गोलंदाजी त्याहून नव्हती, म्हणून मला मागे उभे केले. तेथे मला या कामाचे मर्म थोडेफार कळले. दर चेंडूला खाली बसावयाचे आणि चेंडूच्या उसळीबरोबर उठावयाचे, त्याच्या आधी नाही. फलंदाज बॅट फिरवतो तेव्हा क्षणभर चेंडू दिसेनासा होतो. त्या क्षणी डोळे मिटावयाचे नाहीत. षटकाला सहा चेंडू, आणि एका दिवसात ९० षटके टाकली गेली तर ५४० वेळा हीच बैठक. आणि धावपुस्तक उघडून पाहा. फलंदाजाची धाव न् धाव तेथे आहे, गोलंदाजाचे षटक न् षटक आहे. यष्टिरक्षकाने घेतलेला झेल आणि केलेले यष्टिचीतही आहे. पण त्याने जे शेकडो चेंडू नुसते अडवले, त्यांसाठी रकाना नाही. रकाना आहे तो ‘बाय’चा, म्हणजे जे त्याच्याकडून अडले नाहीत त्यांचा. हा हिशेब मला सेमिनरीतल्या तर्कशास्त्राच्या तासापेक्षाही अधिक विचार करावयास लावणारा वाटला.

त्या काळच्या मुंबईत संघ धर्मावरून पडत, हे आजच्या मुलांना खरे वाटणार नाही. युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यात १९०७ साली हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुसलमानांचा आला, आणि १९३७ साली ‘शेष’ नावाचा पाचवा संघ उभा राहिला. शेष म्हणजे उरलेसुरले: आपण ख्रिस्ती, ज्यू वगैरे. नाव काही गौरवाचे नव्हे. परंतु याच संघाकडून सांगलीचे विजय हजारे, जे मराठी ख्रिस्ती, १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध एका डावात ३०९ धावा करून गेले. संघाच्या एकूण धावा ३८७! त्या डावात त्यांचे बंधू विवेक हजारे यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, आणि तीत विवेक यांचा वाटा २१ चा होता. या २१ धावांना मी फार मानतो. असो. हिंदळेकर हिंदू संघाचे, हजारे शेष संघाचे. आणि १९४६ साली दोघेही एकाच संघातून विलायतेस खेळले. धर्मवार सामने त्याच सुमारास बंद पडले, हे बरे झाले असे माझे स्पष्ट मत आहे.

१९४६ च्या जुलै महिन्यात मँचेस्टरला जी कसोटी झाली, ती हिंदळेकरांच्या जीवितातली मला सर्वांत प्रिय गोष्ट. मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी पहिल्या जोडीला १२४ धावा करूनही आपला पहिला डाव १७० वर संपला होता. शेवटच्या दिवशी २७८ धावा हव्या होत्या. ॲलेक बेडसर यांनी एकामागून एक गडी टिपले. त्या डावात त्यांनी सात बळी घेतले. नऊ गडी बाद. खेळपट्टीवर पुण्याकडचे रंगा सोहोनी आणि अकराव्या क्रमांकावर आलेले आपले हिंदळेकर. तेरा मिनिटे बाकी होती. दहा वर्षांपूर्वी लॉर्ड्सवर ज्याने सलामी केली, तो आता सर्वांच्या शेवटी आला होता. इंग्लंडचे क्षेत्ररक्षक भोवती कोंडाळे करून उभे. त्या तेरा मिनिटांत काय झाले? काहीच झाले नाही, आणि हीच ती कामगिरी! दहावा गडी पडला नाही, १५२ वर नऊ असताना सामना अनिर्णित सुटला. सोहोनी ११ वर नाबाद, हिंदळेकर ४ वर नाबाद. चार कसोट्यांत मिळून त्यांच्या धावा ७१ भरतात. त्यांतल्या या चार मला २६ पेक्षा जड वाटतात.

त्यानंतरची हकीकत लहान आहे. पोर्ट ट्रस्टमधील त्यांचा पगार दरमहा ८० रुपये असल्याची नोंद आढळते. मोठ्या संसाराला तो कसा पुरत असेल, याचा अंदाज गृहिणींनी करावा. आजार बळावला, योग्य उपचार वेळेवर झाले नाहीत, आणि रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला होता. ३० मार्च १९४९ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते मुंबईत वारले. लॉर्ड्सवर मर्चंटांच्या बरोबरीने मैदानात उतरलेला आणि जवळजवळ शंभर प्रथम दर्जाचे सामने खेळलेला हा गृहस्थ औषधपाण्यावाचून गेला. तेव्हा त्यांचा भाचा १७ वर्षांचा होता. तो विजय मांजरेकर. पुढे तो ५५ कसोट्या खेळला. योगायोग असा की, मुंबईचे त्यांच्या मागून आलेले यष्टिरक्षक माधव मंत्री यांचाही भाचा जगप्रसिद्ध फलंदाज झाला, तो सुनील गावसकर. लहानपणी त्याने मामाच्या कपाटातला हिंदुस्थानच्या संघाचा स्वेटर मागितला, तेव्हा मामाने तो दिला नाही. हा मिळवावा लागतो, असे सांगितले. मंत्री २०१४ साली ९२ व्या वर्षी वारले. दादर युनियनच्या लोकांनी त्यांना अखेरपर्यंत मानाने वागवले. हिंदळेकरांना पन्नाशीही पाहता आली नाही.

आता एक कबुली द्यावयाची राहिली आहे. सामान्यतः कबुली ऐकणे हे माझे काम. आज आपण ऐकावे.

तरुणपणी मी मुंबईच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथे फेस्ताच्या आठवड्यात दरवर्षी सामना होई. आमचा यष्टिरक्षक पन्नाशीचा एक गोदी कामगार होता. त्याने वीस-बावीस पावसाळे कांगा लीगच्या खालच्या गटात एका लहानशा क्लबासाठी यष्टिरक्षण केले होते. कांगा लीग पावसाळ्यात खेळतात हे आपणांस ठाऊक आहे. गुडघाभर गवत, ओला चेंडू, साबणासारखा. तो हसत सांगे, ‘फादर, माझ्या दहा बोटांत सरळ अशी तीनच उरलीत.’ मला हातमोज्यांच्या आत घालावयाचे मऊ कातड्याचे मोजे प्रथम त्यानेच दाखवले. आपल्या बायकोने शिवलेले. मैदानावर सर्वांच्या आधी येई, सर्वांच्या शेवटी जाई. एका वर्षी त्याच्या हातून लागोपाठ तीन झेल सुटले. पुढच्या वर्षी संघ मी निवडला. त्याच्या जागी एका कॉलेजच्या मुलाचे नाव मी फळ्यावर लिहिले आणि त्याला एका शब्दाने कळवले नाही. तो आपली पिशवी घेऊन आला, फळा वाचला, आणि पिशवी घेऊन परत गेला. रविवारी मिस्सेला येतच राहिला. मैदानावर मात्र पुन्हा दिसला नाही. माझी बदली झाली. काही वर्षांनी त्याच्या अंत्यविधीला गेलो तेव्हा त्याच्या पत्नीकडून कळले की, त्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. शस्त्रक्रियेसाठी रजा मिळाली तर पगार कापला जाईल, म्हणून तो थांबला होता. तिने हे रागाने सांगितले नाही. चहा देताना सांगितले.

मी त्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते. मी विचारले नाही.

म्हणून आज दुपारी, तुम्ही सर्व विश्रांती घेत होता तेव्हा, मी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. भरतीने यष्ट्यांच्या खुणा पुसल्या होत्या. तरी सुरूच्या एका वाकड्या झाडावरून मला जागा ओळखता आली. सकाळी जेथे तो मुलगा बसला होता तेथे मी बसून पाहिले. या वयात खाली बसणे सोपे, उठणे कठीण. ते पाहावयास कोणी नव्हते, हे माझे भाग्य. समुद्राकडे पाठ केली की तोंड पूर्वेला येते. सकाळी साडेआठ-नऊ वाजता सूर्य माडांच्या शेंड्यांवर येतो, म्हणजे नेमका गोलंदाजाच्या हाताच्या मागे. झेल उंच उडाला असता तो चेंडू सूर्यातूनच खाली आला असला पाहिजे. आणि मी पंच होतो. मी सूर्याकडे पाठ करून, टोपी घालून, आरामात उभा होतो. मला सर्व काही स्वच्छ दिसत होते.

जेवणाआधी मी त्या मुलाला एवढेच विचारले, ‘बाळ, तुला चेंडू दिसला होता का?’ तो म्हणाला, ‘नाही, फादर.’ ‘मग सांगितले का नाहीस?’ तर म्हणाला, ‘कोणी विचारलं नाही.’

त्याच्या सोबत्यांना मी येथे उभे करणार नाही. ते खाली मान घालून बसले आहेत हे मला येथून दिसते आहे, आणि त्यांच्याहून मोठा अपराधी त्यांच्यासमोर बोलतो आहे.

उद्याचा सामना ठरल्याप्रमाणे होईल. ओहोटी आजच्यापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा आहे, तेव्हा मिस्सेनंतर पेज घेऊनच निघू. यष्ट्या मी स्वतः रोवणार आहे, किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने, एक टोक हर्णैकडे आणि एक केळशीकडे. म्हणजे ऊन कोणाच्याच डोळ्यांत थेट येणार नाही. मागे समुद्र नसल्यामुळे सुटलेला चेंडूही कोरडाच राहील. हातमोजे त्या मुलाच्या उशाशी ठेवले आहेत. आत घालावयाचे मऊ मोजे आहेत ते मला त्या चहाच्या दिवशी मिळालेले. ते त्याच्या हाताला थोडे मोठे होतील.